वरची ओळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नेमकं करतोस काय, ते पाच मिनिटांत सांग,’ असं सूत्रसंचालकांनी फर्मावलंय. सांगतो. दूध संकलन केंद्रावर वजन आणि फॅट टिपून पावती देणारी एक छोटी पेटी असते, तिच्यातला प्रोग्रॅम मी लिहितो. पेटीत रास्पबेरी पाय, म्हणजे मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम जातीचा प्रोसेसर. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. पेटीचा जीव लहान, म्हणून प्रोग्रॅम लॅपटॉपवर, पण पेटीच्या भाषेत तयार करायचा. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी जुना प्रोग्रॅम पावत्या हरवू लागला, तेव्हा नोंदी साठवायला मी एसक्यूलाइट ही लायब्ररी जोडायला घेतली. (बाई, ही तुमच्या कपाटांची लायब्ररी नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, आपण वापरायचा तयार कोड.) सगळे भाग सांधणारा लिंकर म्हणाला, ‘एसक्यूलाइट सापडत नाही.’ मी ती पुन्हा इन्स्टॉल केली. पुन्हा तेच. फाइल तर डोळ्यांसमोर होती! असे चार दिवस गेले. तिकडे आपल्याच वर्गातला एक जण, आत्ता तिसऱ्या रांगेत हसतोय तो, रोज पहाटे सगळ्या गावाचं दूध वहीत लिहून घेत होता, आणि हिशोबावरून लोकांची बोलणी खात होता.

पाचव्या दिवशी मी त्या ओळीच्या वरची ओळ वाचली. शाळेतही मी उताऱ्याची शेवटची ओळ वाचून उत्तर लिहायचो, सरांना आठवत असेल. तिथे स्वच्छ लिहिलं होतं : फाइल विसंगत, म्हणून वगळली. म्हणजे लिंकरला ती सापडली होती. पण ती इंटेलची होती. मी चार दिवस इंटेलचीच लायब्ररी पुन्हा पुन्हा बसवत होतो. लिनक्समध्ये ‘फाइल’ नावाचीच एक कमांड आहे, ती लायब्ररी कोणत्या प्रोसेसरची ते एका ओळीत सांगते. ती मला माहीत होती, हे जास्त लागलं.

मग पेटीवर एसक्यूलाइटचं डेव्हलपमेंट पॅकेज बसवलं, तिथल्या लायब्ररी आणि हेडर फाइली लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवल्या आणि ‘सिसरूट’ हा पर्याय देऊन कंपायलरला बजावलं, शोधायचं ते इथेच. तरी एक लायब्ररी अडली. काही नावं म्हणजे नुसत्या लिंक असतात, आणि त्यांत पेटीवरचा पूर्ण पत्ता असतो. लॅपटॉपवर त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. या वेळी ‘सापडत नाही’ हे अगदी खरं होतं! त्या लिंक सापेक्ष करून घेतल्या.

सहाव्या दिवशी पहाटे पहिली पावती निघाली. मित्राने तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वहीचे पैसे दे.’

अजून दिलेले नाहीत.