नदी अडवणारा सेनापती

दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पा निघाल्या, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘जर्मनी हरला खरा, पण सेनापती असावेत तर जर्मनांसारखे!’ हे कितपत खरं? आज एकाच सेनापतीवरून पाहू.

पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाट बंद होते. एक नदी माणसाला किती अडवू शकते, हे आपल्याकडे कुणी शिकवायला नको. फील्ड मार्शल केसेलरिंगने इटलीत नद्या आणि डोंगर यांचीच तटबंदी केली. एक फळी ढासळली, की मागची तयार! दोस्तांच्या फौजा ९ सप्टेंबर १९४३ रोजी सालेर्नोला उतरल्या. रोम हाती यायला ४ जून १९४४ उजाडला. हवाई बळ दोस्तांचं जास्त असताना त्याने ही झुंज दिली. कसब म्हणायचं ते हेच.

त्याची किंमत आपल्या मराठा पलटणींनीही मोजली. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सारी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. ते एकटे धावून गेले, ठाणं निकामी केलं आणि तिथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून पैलतीरी नेलं, मग मशीनगनची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण हिशेब इथे संपत नाही. २४ मार्च १९४४ रोजी रोमजवळच्या आर्देआतिने खाणीत जर्मनांनी सूड म्हणून ३३५ जणांना ठार केलं. पुढे जूनमध्ये केसेलरिंगने हुकूम काढला : बंडखोरांवर प्रमाणाबाहेर कठोर होणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाठीशी घालीन. अशा हुकमांखाली गावंच्या गावं भरडली गेली. दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या गावाचं दुःख गडचिरोलीला वेगळं सांगायला नको.

१९४७ मध्ये व्हेनिसला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड ठोठावला. पुढे तो जन्मठेपेवर आला, आणि १९५२ मध्ये केसेलरिंग सुटलाही.

मग तो मोठा सेनापती होता का? नदी अडवण्यात नक्कीच होता. पण सेनापतीच्या हाती नकाशाइतकाच हुकूमही असतो. त्याने किती दिवस शत्रू थोपवला हे जरूर मोजा. मात्र आपल्याच शिपायांचा हात कुठे थोपवला नाही, तेही मोजा.