मी इथेच राहिलो

१९७७च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

‘आयुष्याने काय दिलं’ यावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. पण मला आधी काय मिळालं नाही ते सांगावं लागेल. त्याच्यापायीच मी मागच्या दोन मेळाव्यांना आलो नव्हतो. ताप आल्याचं कळवलं होतं. ताप वगैरे काही नव्हता. तुमच्या परदेशाच्या, मोठमोठ्या हुद्द्यांच्या गोष्टी मला ऐकवल्या नसत्या, एवढंच.

मागच्या बाकावरच्यांना आठवत असेल, माझ्या वहीची शेवटची पानं बोटींनी भरलेली असायची. शाळा सुटली की मांडवी. मुंबई-पणजी बोट लांबवर दिसली की पोटात काहीतरी व्हायचं. बारावीनंतर जहाजावरच्या भरतीसाठी मुंबईला गेलो. लेखी झाली, तोंडी झाली, आणि डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. सगळ्यांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. ज्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत त्याला बोटीवर कोण घेणार? त्यांचं बरोबरच होतं. मग उमगलं, घरी आढीतला पिकला हापूस मी नेहमी वासाने का निवडायचो ते.

परत आलो आणि एस.टी.त लागलो, आरक्षणाच्या खिडकीवर. तुमच्यातल्या निम्म्यांची मुंबईची तिकिटं मी फाडली आहेत! दुसरे निघाले होते आणि मी त्यांना सीट नंबर देत होतो.

आई पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची भक्त. लहानपणी मीही तिच्याबरोबर जायचो. १५ ऑगस्ट १९७४ला स्वामींनी देह ठेवला, तेव्हा आपण आठवीत होतो. मुंबईहून नापास होऊन आल्यावर मी पावस सोडलं. तुझ्या देवाला माझे डोळे करताना काय झालं होतं, असं आईला एकदा बोललो. ती काही बोलली नाही, देवापुढची वात सारखी करत राहिली. ते मला अजून लागतं.

सहा वर्षांनी तिचे गुडघे गेले. एकटीला एस.टी. चढवेना, म्हणून नाइलाजाने तिला घेऊन गेलो. भाट्याच्या पुलावरून जाताना मुद्दाम समुद्राकडे पाठ करून बसलो होतो. पावसला अनंत निवासात आई डोळे मिटून बसली आणि मला काही उद्योग नव्हता, म्हणून त्या खोलीकडे बघत राहिलो.

स्वामी म्हणजे मूळचे रामचंद्र विष्णू गोडबोले. तरुणपणी देशासाठी बाहेर पडलेला माणूस, कायदेभंगात येरवड्याला तुरुंगात होता. १९३४मध्ये मोठं आजारपण आलं आणि नंतरची चाळीसेक वर्षं पावसलाच, देसायांच्या त्या घरात गेली. तिथेच त्यांनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणली. हे आईकडून शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब केला: चाळीस वर्षं! मी स्वतःची त्यांच्याशी बरोबरी करत नाही. पण मला निदान अख्खी रत्नागिरी मोकळी होती.

लगेच काही पालटलं नाही. आईची नजर अधू झाल्यावर रात्री तिला अभंग ज्ञानेश्वरी वाचून दाखवू लागलो, पहिल्यांदा तिच्यासाठी, मग सवयीने. शेवटी पसायदान. शाळेत आपण ते किती वेळा म्हटलंय! ज्याला जे हवं ते त्याला मिळो, असं त्यात मागणं आहे. वर्षानुवर्षं त्या जागी आलो की मनात यायचं, मला कुठे मिळालं? एका रात्री वाचता वाचता ध्यानात आलं की ते मागणं ज्ञानदेवांनी स्वतःसाठी केलेलंच नाही. मी आपलं दुसऱ्यांच्या पानात माझं नाव शोधत बसलो होतो.

मग खिडकीवर एक खूळ सुरू केलं. तिकीट देताना मनात म्हणायचं, ह्याला हवं ते मिळू दे. पहिले काही महिने दात-ओठ खाऊन म्हणत असे. एकदा मे महिन्यात एक पोरगा आला, ट्रंक घेऊन, जहाजाच्या ट्रेनिंगला निघालेला. खिडकीची जागा मागितली. त्याच्यासाठी ते म्हणताना घसा दाटला, पण म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्या रात्री घरी आलो तो हलका होऊन. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आता तूही जेव नीट.”

देवाने माझ्या भल्यासाठीच मला इथे ठेवलं, असं मी म्हणणार नाही. मला ठाऊक नाही. पण आईच्या शेवटच्या तीन वर्षांत, ती अंथरुणाला खिळलेली असताना, मी आणि बायको रोज तिच्याजवळ होतो. बोटीवर असतो तर तार मिळून आलो असतो. ह्याबद्दल रोज दिवा लावताना मी हात जोडतो. समुद्राची ओढ मात्र गेलेली नाही, आणि ती जावी असं आता मागतही नाही.

जेवणं झाल्यावर मांडवीवर जायचं ठरतंय, मीही येतो. अंधारात एखादी बोट दिसेलच. तांबडा दिवा कुठला आणि हिरवा कुठला, तेवढं तुम्ही सांगा.