उजळविणारी भेसळ



‘भेसळ’ हा शब्द ऐकताच मनात संताप येतो. दुधातील पाणी असो वा हळदीतील रंग, भेसळीने पदार्थाचा कस जातो. विज्ञानाच्या एका दालनात मात्र मोजूनमापून केलेली भेसळच पदार्थाला तेज देते. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरावे, तसे हे काम. त्याला ‘डोपिंग’ म्हणतात.

अर्धवाहक पदार्थाचा अवघ्या काही नॅनोमीटरचा कण म्हणजे क्वांटम डॉट, अर्थात पुंजबिंदू. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतक्या अरुंद जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कणाच्या आकारावर ठरते. म्हणून एकाच पदार्थाचा लहान कण निळा, तर मोठा कण तांबडा प्रकाश देऊ शकतो. पुंजबिंदूंचा शोध आणि निर्मिती यांसाठी मुंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र सर्वपरिचित पुंजबिंदूंत कॅडमियम हा विषारी धातू असतो. त्याला एक पर्याय म्हणजे झिंक सल्फाइडच्या कणात झिंकच्या काही जागी मँगनीज बसविणे. यजमान कण अतिनील प्रकाश शोषतो, ती ऊर्जा पाहुण्या मँगनीजकडे सोपवितो आणि मँगनीज नारिंगी प्रकाश देते. शोषलेला व बाहेर पडणारा प्रकाश यांत मोठे अंतर असल्याने एका कणाचा प्रकाश दुसरा कण गिळून टाकत नाही. सौरऊर्जा गोळा करणाऱ्या काचांच्या संशोधनात हा गुण मोलाचा ठरतो.

हे साधणे सोपे नाही. स्फटिक जितका लहान, तितके परका अणू आत टिकविणे कठीण. त्यासाठी वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर तो अणू आधी घट्ट चिकटावा लागतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांनी या कणांच्या तेजस्वी प्रकाशाचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातील डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने असे कण पाण्यातील रासायनिक पद्धतीने तयार केल्याचे जगापुढे मांडले. भार्गव यांच्या निबंधात आणखी एक दावा होता: कण लहान होताच मँगनीजचा प्रकाश लाखपट वेगाने विझतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील आगेथ बोल आणि आन्द्रिस मेयरिंक यांनी पुन्हा मोजमाप केले. त्वरित विझणारा प्रकाश यजमान कणातील दोषांचा होता. मँगनीजचा प्रकाश सुमारे १.९ मिलिसेकंद टिकत होता, मोठ्या स्फटिकात टिकतो जवळजवळ तेवढाच.

दावा कोसळला, पण पदार्थाची किंमत घटली नाही. सजीव पेशींची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत मावळते. ती मावळेपर्यंत थांबून मग मोजणी केली, की मागे उरतो तो मँगनीजचा प्रकाश. पेशींच्या सुस्पष्ट प्रतिमांसाठी हा रेंगाळणारा प्रकाशच उपयोगी पडतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत वाचन पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही, की प्रयोगवहीतला आकडा हळूच खोडून ‘योग्य’ आकडा लिहिला जातो. गुण मिळतात, प्रयोग मात्र वाया जातो. घरी अशी वही दिसली, तर पालकांनी पाल्याला गुणांआधी एवढेच विचारावे, “तुला स्वतःला काय दिसले? पुन्हा मोजून पाहिलेस का?”