रेषेत उरलेले वाळवंट



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात मी चित्रांवर बोलावे, आणि तीही ज्यांना नाव नाही अशा चित्रांवर, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण नसरीन मोहमदी जन्माने कराचीच्या असल्या तरी कर्माने आपल्या बडोद्याच्या. १९७२ पासून दीड दशकाहून अधिक काळ त्यांनी येथील ललितकला विद्याशाखेत शिकविले. २०१६ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली, तेव्हा आरंभीच्या दोन प्रमुख प्रदर्शनांपैकी एक त्यांचे होते. ती शाखा २०२० साली बंद झाली. त्या प्रदर्शनात मांडलेल्या सव्वाशेहून अधिक कृतींपैकी कागदावरच्या कृतींविषयी मी बोलणार आहे.

कागद, शिसपेन्सिल, काळी शाई, एवढीच सामग्री. आखणीच्या टेबलावर, वास्तुविशारदाच्या उपकरणांनी ओढलेल्या सरळ रेषा. काही केसाहून बारीक, काही किंचित गडद. त्यांमधले अंतर कोठे आवळते, कोठे सैलावते. आणि जरा दूर सरून पाहावे तर सपाट कागदावर वाऱ्याने वाळू सरकावी तशी लहर उठते. मी ही चित्रे प्रथम पाहिली तेव्हा खालची पाटी शोधू लागलो. पाटीवर नाव नव्हते, बहुतेक ठिकाणी सालही नव्हते. आम्हा ग्रंथप्रेमी मंडळींची ही खोडच आहे!

समीक्षक त्यांची तुलना मालेविच, अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी करतात. ती चुकीची नाही, पण मला अपुरी वाटते. त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय बहारीनमध्ये होता. वाळवंट त्यांनी तेथे पाहिले, त्याची छायाचित्रे घेतली. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत. त्यांत ना उंटांचा तांडा, ना मावळता सूर्य. वाळूवरची एखादी खूण, सावलीची कड, रस्त्यावरचा पांढरा पट्टा, बस्स. ही छायाचित्रे पाहून पुन्हा चित्रांकडे वळले की कागदाची कोरी जागा रिकामी वाटेनाशी होते. जेथे डोळ्याला धरायला काही नाही तेथे किंचितसा चढही मोठी घटना ठरतो, हे त्या उजाड भूमीनेच त्यांना शिकविले असावे. तरीही प्रत्येक रेषेला वाळवंट म्हणण्याची घाई करू नये. मागावरचा ताणा, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, समुद्रकिनारा हेही त्यांच्या कॅमेऱ्याने तितक्याच आस्थेने टिपले आहे.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या विकाराने त्यांचे हातपाय त्यांच्या ताब्यात राहिनासे झाले. आणि नेमक्या याच काळात चित्रे अधिक विरळ, अधिक काटेकोर होत गेली. कोऱ्या कागदावर एखादी तिरकी रेषा, एखादा अधांतरी कंस. तो हात त्या क्षणापुरता कसा स्थिर राहत असेल, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. १९९० साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले.

कार्यकारिणीला एक विनंती करून थांबतो. या प्रदर्शनाचा सचित्र ग्रंथ आपल्या संग्रही यावा. आणि तो कुलूपबंद कपाटात न जाता काही दिवस वाचनकक्षातील मेजावर उघडा असावा.