मिठाचा जमाखर्च

(रुग्ण व नातेवाईक मेळाव्यातील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधोपचारांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. हिशेब मात्र मांडता येतो, म्हणून मिठाचा हिशेब आपणांपुढे ठेवीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा. मुलांना याहून कमी. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने १ ते ३ वर्षांच्या बालकास २ ग्रॅम व ४ ते ६ वर्षांच्या मुलास ३ ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली आहे. वर्षाच्या आतील बाळाच्या वरणभातात मीठ घालूच नये.

आता घरात चार मोठी माणसे आणि पाच वर्षांचे एक मूल धरा. दिवसाचे २३ ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोची पिशवी निदान ४३ दिवस पुरली पाहिजे. आपल्याकडे ती किती दिवस पुरते, हे किराणा यादीवरून पाहावे. विकतचे लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ पिशवीबाहेरचे, हेही विसरू नये.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ज्वारीची भाकरी बहुधा अळणीच असते. मीठ असते ते ठेच्यात, शेंगदाण्याच्या चटणीत. वय वाढले की जिभेची चव मंदावते आणि आजोबा ताटात वरून मीठ मागतात. नेमका त्याच वयात रक्तदाब वाढतो. ‘उन्हात राबणाऱ्याला मीठ जास्तच लागते’ असे उत्तर हमखास येते. परंतु रोजच्या जेवणातून बहुतेकांची गरज भागते. जुलाब-उलट्यांत जलसंजीवनी द्यावी लागते, ती बाब निराळी.

येथे आमची चूकही कबूल केली पाहिजे. रक्तदाबाच्या रुग्णास आम्ही एकीकडे गोळ्या देत होतो आणि भोजनाच्या ताटात लोणचे-पापड वाढीत होतो. किराणा बिलात मीठ सर्वांत स्वस्त, आणि हिशेबनिसाची नजर महागड्या नोंदींवरच थांबते! आता ते दोन्ही पदार्थ बंद केले आहेत. घरच्या डब्यातून ठेचा येतो, त्यास मात्र आमचा इलाज चालत नाही. तो डबा आधी परिचारिकेस दाखवावा, ही विनंती.

सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.