हुंडणावळीचे त्रैराशिक

परदेशी व्यापार आणि चलन हा विषय घेऊन पदवीस बसणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम कंटाळाच यावा, असे त्याचे बाह्यरूप आहे. जिकडे तिकडे कोष्टके आणि हुंडणावळीचे दर!

परंतु एक त्रैराशिक मांडून पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया 16 पेन्सांचा होता. 1927 च्या कायद्याने तो 18 पेन्सांचा ठरला. पौंडाचे पेन्स त्या काळी 240 होते. तेव्हा विलायतेत एका पौंडास विकल्या गेलेल्या वऱ्हाडी कापसाचे पूर्वीच्या दराने 15 रुपये येत; तेथील भाव तोच राहिला, तर नव्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पैच यावयाचे. उत्तर बरोबर आले की आम्ही शाळामास्तर संतुष्ट! उरलेला दीड रुपयाहून अधिकचा ऐवज कोणाच्या पदरी पडला, हे विचारावयाचे ते विद्यापीठात. विलायती कापड घेणाऱ्यास ते स्वस्त पडले. पौंडांत देणी फेडणाऱ्या सरकारासही रुपये कमी लागले. शेतकऱ्याच्या गाठीचे मात्र गेले.

रुपयाच्या याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला. 1923 साली तो ग्रंथरूपाने निघाला. त्यास प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांची. चालू चलनपद्धतीविरुद्ध लेखकाने मांडलेले बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहीत, असे गुरुजींनी त्या प्रस्तावनेतच लिहून ठेविले आहे. आणि शिष्याच्या विचारांतील ताजेपणाची प्रशंसाही तेथेच केली आहे.