नासिकेची पुनर्घटना
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु आपल्या देशात ही शिक्षा एके काळी खरोखरच दिली जात असे, आणि गेलेले नाक परत करणारे हातही येथेच होते.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी या नावाने त्यात उल्लेखिलेला मराठा शेतकरी इंग्रज सैन्यात बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला व नाक आणि एक हात गमावून परतला. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. पत्रात रुग्णाचे नाव आहे, असे शस्त्रकर्म पाहिलेल्या मुंबई इलाख्यातील दोन डॉक्टरांचीही नावे आहेत. ज्याने ते केले त्याची मात्र केवळ जात नमूद आहे!

कृती ऐकण्याजोगी आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला नाकाचा घाट द्यावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोवती रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा सोडवून घ्यावयाची. परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता राखावयाची. हा त्वचेचा पदर अर्धा पिळून खाली आणावयाचा आणि खुंटाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवावयाचा. वर पाण्यात भिजवलेला काताचा लेप लावलेल्या पाचसहा चिंध्या. चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापावयाची.

सारे मर्म त्या पट्टीत आहे. फुलाला देठातून रस मिळावा, तसे त्या त्वचेला तिच्यातून रक्त मिळते. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत देठ तोडला, तर पदर काळा पडून मरतो. सुश्रुतसंहितेतही पानाने माप घेऊन गालाची त्वचा जोडलेलीच ठेवून नाकावर आणण्यास सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने ते पुस्तक पाहिले असेल असे मला वाटत नाही; त्याची विद्या हातातून हातात आलेली असावी.

इंग्लंडात जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये ही पद्धती यशस्वी करून दाखविली व १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ती युरोपात ‘भारतीय पद्धती’ या नावानेच रूढ झाली.

आज नाक जाते ते बहुधा त्वचेच्या कर्करोगामुळे किंवा अपघाताने. लहान क्षतास शेजारची किंवा गालाची त्वचा पुरते. मोठ्यास अद्यापि कपाळच लागते, कारण त्याचा रंग व पोत नाकाशी जुळतो. भुवईच्या आतील टोकाशी वर चढणारी रक्तवाहिनी देठात राखतात. कावसजीच्या काळी नसलेली गोष्ट म्हणजे आतले अस्तर आणि कानाच्या किंवा बरगडीच्या कूर्चेचा आधार. त्याविना नाक आक्रसते व श्वास कोंडतो. भूल आहे, हे तर सांगावयास नकोच.

देठ मात्र आजही सुमारे तीन आठवडे ठेवावा लागतो. कपाळापासून नाकापर्यंत लोंबणारी ती मांसल दोरी पाहून रुग्ण आरसा टाळतो, आणि घरची मंडळी ‘डॉक्टरसाहेब, एवढे लवकर कापून टाका’ म्हणून विनवितात. त्यांना मी पुण्याजवळच्या त्या माणसाची आणि त्याच्या पंचविसाव्या दिवसाची हकीकत सांगतो.